मीडियम वेव्हच्या टोकाला आजी

आमच्या घरातली सगळ्यात गुप्त गोष्ट दर रविवारी सकाळी आठ वाजता शेजारच्या रेडिओवर लागायची.

अनू आणि नील, तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही एका फोटोबद्दल विचारले आहे. फोटोत तुम्ही दोघे आपल्या फाटकाशी उभे आहात आणि पांढऱ्या मिशांचे, मफलर गुंडाळलेले एक आजोबा तुमच्या तोंडात पेढा कोंबत आहेत. मागे पंधरावीस माणसे टाळ्या वाजवत आहेत. हे आजोबा कोण, आणि टाळ्या कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात तुमच्या आजीची अब्रू जाते. तरी लिहिते. (तुमच्या बाबाने वाचून दाखवताना मधली पाने गाळू नयेत. मी पानांवर क्रमांक घातले आहेत.)

तुमचे आजोबा गेले, त्यानंतरची ही गोष्ट. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. तीस वर्षे मी लोकांना "शांत बसा" असे सांगण्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर तीच शांतता मला घरपोच मिळाली. भिंतीवरचे घड्याळ, नळाचा थेंब, आणि रविवारी सकाळी तुमच्या बाबाचा, म्हणजे अविनाशचा, अमेरिकेहून फोन. दहा मिनिटे. उरलेल्या आठवड्याची दहा हजार सत्तर मिनिटे होतात. (मी मोजली आहेत. वेळ होता.)

फोन मधल्या खोलीत होता, तुमच्या आजोबांच्या खुर्चीला लागून. त्या खुर्चीत बसल्याशिवाय आरामात बोलता येत नसे, आणि त्या खुर्चीत बसणे मला जमत नसे. म्हणून मी उभ्याने बोलायची आणि गुडघा कुरकुरायचा. अविनाश सुटीत आला तेव्हा त्याने हे पाहिले आणि पुढच्या खेपेला एक खोके घेऊन आला. खोक्यात बिनवायरचा फोन!

"आई, हा घेऊन घरभर फीर. स्वयंपाकघरात बस, बाहेर ओट्यावर बस."

"आणि वायर?"

"वायर नाहीच. बोलणं हवेतून जातं."

"मग हवेत कोणी ऐकलं तर?"

"कोणी ऐकत नाही गं!" असे म्हणून तुमचा बाबा विमानात बसला. इतके चुकीचे वाक्य तो त्याआधी कधी बोलला नव्हता. गणिताच्या तोंडी परीक्षेतसुद्धा नाही.

कोणतीही वस्तू मी तिची पुस्तिका वाचल्याशिवाय सुरू करीत नाही. इस्त्रीचीसुद्धा वाचली होती. पहिली अडचण विजेची निघाली. फोन अमेरिकन, त्याला आपली वीज सोसेना. जरीपटक्याच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणला. तो विटेएवढा, विटेइतकाच जड, आणि दिवसभर असा घुमायचा की घरात कोणीतरी राहते असे वाटावे. (त्या दृष्टीने स्वस्तात पडला.) दुसरी अडचण कायद्याची. बिनतारी यंत्र म्हटल्यावर परवाना हवाच. तुमचे आजोबा रेडिओचा परवाना दर वर्षी पोस्टात जाऊन न चुकता नवा करून आणायचे. मी पोस्टात गेले.

"परवाने बंद झाले मॅडम," खिडकीतला कारकून म्हणाला.

"ते रेडिओचे. मी टेलिफोनचं विचारते आहे."

"मंग टेलिफोनच्या हापिसात जा ना."

"पण हा टेलिफोन बिनतारी आहे."

त्याने पेन खाली ठेवले. "घरी कोनी हाये का जी तुमच्या?"

नव्हते. म्हणून तर पोस्टात इतका वेळ उभी होते!

तिसरी गोष्ट मात्र मला फारच आवडली. फोनच्या पोटाखाली आठ चिमुकली बटणे होती, आणि तशीच आठ त्याच्या बैठकीखाली. दोन्हीकडची बटणे एकाच क्रमाने वर-खाली केली की तो फोन आपल्या बैठकीला ओळखणार, परका फोन ओळखणार नाही. पुस्तिकेत याला 'सुरक्षा संकेत' म्हटले होते. मी त्यातल्या त्यात अवघड क्रम निवडला, विणकामाच्या सुईने बटणे सरकवली, तो क्रम कागदावर लिहिला, कागद लिफाफ्यात घातला, लिफाफ्याला लाख लावली आणि लिफाफा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातले. मग समाधानाने चहा केला. आता माझे बोलणे कडीकुलपात होते!

पहिल्याच रविवारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून मोकळेपणाने बोलले.

"एकटीसाठी करून खातेस ना गं काही?" अविनाशने विचारले.

"खाते की. शेजारच्या रुखमाबाईने सांबारवडी दिली होती. काय ते तेल! वडी त्यात पोहायला शिकली असेल. एक खाल्ली, बाकीच्या गाईला घातल्या."

(सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर.) आठ वाजून पंधरा मिनिटांनी फाटक वाजले. दारात रुखमाबाई, कमरेवर हात.

"काहून वं ताई, गाईले पचली का माही सांबारवडी?"

"तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"रेडिओनं!"

इथे फोटोतले आजोबा येतात. ते रुखमाबाईंचे यजमान, नामदेवराव. उभी हयात सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत गेली आणि कान तिथेच राहिले. त्यामुळे रेडिओ दारापुढच्या ओट्यावर ठेवून ते पूर्ण आवाजात लावायचे, इतक्या मोठ्याने की सबंध गल्लीने दुसरा रेडिओ घेतला नव्हता. 'कृपया आवाज कमी ठेवावा' अशा तीन चिठ्ठ्या मी त्यांना स्वहस्ते लिहिल्या होत्या. मी धावत (म्हणजे गुडघ्याच्या मानाने धावत) त्यांच्या ओट्यावर गेले. रेडिओचा काटा मीडियम वेव्हच्या पार टोकाला गेला होता.

"ताई! तुमी बहुत साफ येऊन राहिल्या जी!" नामदेवराव आनंदाने ओरडले. "म्या भजन सोधून राहिलो होतो, तं तुमी निंगाल्या! अविनाशबी येते! बातम्यायपेक्षा साफ!"

घरी येऊन पुस्तिका पुन्हा काढली. शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापले होते की सुरक्षा संकेतामुळे परका माणूस तुमच्या लाइनवरून फोन करू शकत नाही. तुमचे बोलणे मात्र जवळपासच्या रेडिओवर ऐकू येऊ शकते. म्हणजे मी दाराला कुलूप लावून त्यावर लाखेचा शिक्का मारला होता, आणि घराला भिंतीच नव्हत्या!

मधल्या खोलीतला जुना काळा फोन परत जोडता आला असता. पण ती खुर्ची होती. तेव्हा मी ठरवले की बोलणेच कुलपात घालायचे.

ग्रंथालयात प्रत्येक विषयाला तीन आकडी क्रमांक असतो. तुमच्या बाबाला ही पद्धत बाळपणापासून पाठ. त्याचे मोजे कपड्यांच्या, म्हणजे ६४६ च्या खणात असत. मी कार्डे तयार केली. प्रकृतीला ६१०, गुडघ्याला ६१२, जेवणाखाण्याला ६४१, हवेला ५५१, पक्ष्यांना ५९८. शेजाऱ्यांसाठी चटकन क्रमांक सुचेना. त्या दिवशी रागात होते, ६३६ दिला. (तो मुळात कशाचा, ते पुढे येईल. घाई करू नका.) अशी चाळीस कार्डे, दोन संच, एक संच रजिस्टर पोस्टाने अमेरिकेला. तो पोहोचला, आणि मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही मायलेक कुलपातून बोललो.

"आई, सहाशे दहा?"

"सहाशे दहा उत्तम. सहाशे बारा, डावा, जरा."

"पाचशे एक्कावन्न?"

"पाचशे एक्कावन्न भयंकर! अंगाची लाही!"

"आई, 'लाही' कार्डात नाही."

"चुकले. सहाशे एक्केचाळीस वेळेवर."

"आणि... बाकी?"

"बाकी काही नाही."

चार मिनिटांत संपले! क्रमांकाचा हाच दोष. 'सहाशे दहा उत्तम' म्हटले की प्रकृती मिटली. औषधाची आठवण आता कोणी करत नाही, तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर पुढे काय करायचे ते सुचत नाही, हे कशात बसवणार? माझी दहा हजार सत्तर मिनिटे वाढून दहा हजार शहात्तर झाली. बोलणे मात्र अगदी सुरक्षित. इतके सुरक्षित की त्यात काही उरलेच नव्हते.

पण त्याच सुमारास एक नवल घडले. रविवारी सव्वाआठ वाजता रुखमाबाई आल्या. (सांबारवडी या वेळी कोरडी ठणठणीत होती.) मागोमाग नामदेवराव. पुढच्या रविवारी कोपऱ्यावरचा शिंपी आणि त्याची आई. मग पिठाच्या गिरणीवाले. बसायचे, चहा प्यायचे, माझी चौकशी करायचे, आणि तीही किती बारकाईने!

"झोप लागते का वं ताई? सपन-बिपन पडते का?"

"पडतात अधूनमधून."

"काय दिसते? मोजण्यासारखं काही दिसते का?"

शिंप्याच्या आईने माझी जन्मतारीख विचारली. (वाढदिवस करायचा बेत दिसतो, असे मला वाटले आणि डोळे भरून आले.) गिरणीवाल्यांनी चष्म्याचा नंबर विचारला. नामदेवरावांनी तर फाटकावरचा घरक्रमांक फडक्याने पुसून वाचला. इतकी आपुलकी! मी बाजारातून नवे सहा कप आणले आणि अविनाशला कार्डाबाहेर जाऊन कळवले, की माणसे आपण समजतो त्यापेक्षा फार चांगली असतात.

एका सोमवारी नामदेवराव पेढे घेऊन आले आणि (माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस!) वाकून माझ्या पायांना हात लावू लागले.

"अहो, हे काय!"

"लागला ना ताई! सहाशे एक्केचाळीस लागला!"

"कुठे लागला? कोणाला लागला? फार लागले का?"

"सट्ट्याले जी! आकडा फुटला! आख्ख्या गल्लीनं लावला होता. आता तं वाडीचे ट्रकवालेबी तुमचेच आकडे लावून राहिले. अमेरिकेचं टेशन म्हनते लोकं तुमाले!"

मी खाली बसले. माझे वेळेवर जेवण सट्ट्यात, म्हणजे आकड्यांच्या जुगारात, लागले होते! मग एकेक जुळत गेले. स्वप्न, जन्मतारीख, चष्मा. माणसे आकड्यासाठी आली होती. माझ्यासाठी कोणी आले नव्हते.

अशा वेळी सुशिक्षित, सेवानिवृत्त ग्रंथपाल बाईने काय करावे? दार लावून घ्यावे, सट्ट्याविरुद्ध चार शब्द सुनवावे. मी काय केले? पुढच्या रविवारी अविनाशला दोन आकडे जास्त सांगितले. (नवे सहा कप होते हो!)

"आई, पाचशे अठ्ठ्याण्णव? पक्षी? पक्ष्यांचं काय?"

"आले होते रे अंगणात. आणि पाचशे ब्याऐंशी."

"तू बरी आहेस ना?"

असे तीन रविवार मी गल्लीला आकडे पुरवले. चौथ्या रविवारी मात्र सगळे हातातून गेले. मी त्या दिवशी मनापासून बोलत होते. म्हणाले, "अविनाश, सहाशे छत्तीस येतात म्हणून बरं वाटतं. सहाशे छत्तीस नसते तर माझं काही खरं नव्हतं रे. सहाशे छत्तीस!" तिकडे ओट्यावर गल्लीने श्वास रोखला. ताईंनी तीनदा सांगितला, म्हणजे पक्काच!

सोमवारी कोणी आले नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मला जाणवले की गल्लीत कमालीची शांतता आहे. बातम्या नाहीत, भजन नाही. ज्या शांततेसाठी मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या ती आली होती, आणि मला ती क्षणभरही सोसवेना. मी शेजारी गेले. नामदेवराव ओट्यावर बसले होते. शेजारी रेडिओच्या आकाराची धूळ नसलेली जागा.

"रेडिओ कुठे गेला?"

उत्तर रुखमाबाईंनी दिले. "लावला बुढ्यानं! सहाशे छत्तीसवर आख्खा रेडिओ लावला! आन् आकडा काही आला नाई. आता बसते दिवसभर भिताडाकडे पाहत. बोललेलं आयकू येत नाई, गानं तेवढं येत होतं त्याले."

नामदेवराव माझ्याकडे पाहून हसले. "जाऊ द्या जी ताई. तुमाले तरी काय मालूम."

मला मालूम होते! मला सगळे मालूम होते. सहा कपांपायी मी एका माणसाचे गाणे घालवले होते.

घरी तुमच्या आजोबांचा रेडिओ होता, त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर, कापडाखाली. ते गेल्यापासून लावला नव्हता. त्याची पिन काढायची तर खुर्चीत बसूनच हात मागे घालावा लागे. बसले. खुर्ची कुरकुरली, गुडघा कुरकुरला, आम्ही दोघेतिघे थोडा वेळ तसेच बसलो. मग पिन काढली, रेडिओ कडेवर घेतला आणि शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"नामदेवराव, हा घ्या. आणि आता नीट ऐका. ते आकडे सट्ट्याचे नव्हते. ते माझ्या घरचे बोलणे होते. सहाशे दहा म्हणजे माझी तब्येत. सहाशे एक्केचाळीस म्हणजे माझे जेवण."

"आन् सहाशे छत्तीस?" रुखमाबाईंनी विचारले.

"शेजारी. म्हणजे तुम्ही."

"अरे बाप्पा! आमच्यासाठी येगळा नंबर!" त्या हरखल्या. मग डोळे बारीक केले. "आन् तुमच्या पुस्तकायच्या दुकानात हा कायचा नंबर हाये वं?"

खोटे बोलण्याची ती चांगली वेळ होती. पण ग्रंथपाल क्रमांकाबाबत खोटे बोलू शकत नाही.

"पाळीव जनावरांचा," मी म्हणाले.

रुखमाबाईंनी पुन्हा कमरेवर हात ठेवले.

"आयकलं का हो?" रुखमाबाई नवऱ्याच्या कानात ओरडल्या. "आपून ढोरं होतो! ढोरावर रेडिओ लावला तुमी!" आणि त्या जमिनीवर बसून इतक्या हसल्या की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. नामदेवराव काही न कळून हसले. मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटले. ते काही केल्या थांबेना.

रुखमाबाईंनी हसणे आवरले. "ताई, तुमाले करमत नाई, त्याचा नंबर किती हाये?"

"त्याचं कार्ड नाही केलं."

"काहून?"

मी रेडिओची पिन त्यांच्या भिंतीवरच्या बोर्डात खोचली.

नामदेवरावांनी नव्या रेडिओवर हात ठेवून सट्टा सोडल्याची शपथ घेतली. पुढच्या रविवारी आठ वाजता मी फोनची काडी, म्हणजे अँटेना, पूर्ण लांब ओढली आणि साध्या मराठीत म्हणाले, "अविनाश, मला करमत नाही." पलीकडच्या ओट्यावरून, एका क्षणाने, माझाच आवाज मला परत ऐकू आला: करमत नाही. सगळ्या गल्लीला कळले. मग तुमचा बाबा म्हणाला, "मलाही नाही गं." त्या दिवशी आम्ही सतरा मिनिटे बोललो. सव्वाआठला कोणी आले नाही. साडेआठला रुखमाबाई आल्या आणि चहा स्वतःच मांडला.

डिसेंबरात अविनाशने सांगितले की तुम्ही चौघे येताय. आनंदाच्या भरात त्याने विमानाचा नंबर दोनदा सांगितला. तीन आकडी. मी तो कार्डावर लिहिला आणि प्रवासाच्या खणात, ९१० खाली, लावून ठेवला. तुम्ही आलात तेव्हा फाटकाशी सगळी गल्ली उभी, टाळ्या, पेढे! माझी नातवंडे पाहायला माणसे इतकी लोटली, म्हणून माझा ऊर भरून आला. मग पेढ्यांच्या पुड्यांची संख्या माझ्या लक्षात आली.

"नामदेवराव! तुम्ही शपथ घेतली होती!"

"म्या नाई लावला ताई, शप्पथ! रुखमीनं लावला!"

"विमानाचा नंबर होता वं तो," रुखमाबाई म्हणाल्या, "सट्ट्याचा थोडीच! लागला तं लागला!" आणि त्यांनी हातातला पेढा माझ्या तोंडात कोंबला, नामदेवरावांनी तुमच्या. फोटो तेवढ्यातलाच आहे.

तुम्ही तीन आठवडे राहिलात आणि गेलात. सहा कप पुन्हा फळीवर ओळीने आहेत. त्यातला एक रोज निघतो, दुसरा रुखमाबाई आल्या तर. रविवारी मी आता आजोबांच्या खुर्चीतच बसते, पण बोलते बिनवायरच्या फोनवरच. काडी थोडी आत राहिली तर पलीकडून हाक येते, "ताई, काडी पुरी वढा, पोट्टा आयकू नाई येऊन राहिला!"

आणि ते कार्ड अजून खणात आहे. तुमच्या विमानाचा नंबर आख्ख्या गल्लीत सर्वांत आधी माझ्या कानावर पडला, सर्वांत सुवाच्य अक्षरात माझ्याजवळ लिहिलेला आहे, आणि तो न लावलेली गल्लीत मी एकटीच!